क्लबची मान्यता खंडित झाली: नूतनीकरण मागावं की नव्याने नोंदणी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठातला खगोल क्लब काही वर्षं व्यवस्थित चालला होता. गेल्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज कुणी भरलाच नाही. अध्यक्ष आणि खजिनदार पदवी घेऊन बाहेर पडले, क्लबच्या ईमेलचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, बँक खात्यात थोडी शिल्लक पडून आहे आणि दुर्बीण विभागाच्या कपाटात बंद आहे. आता दुसऱ्या वर्षाचे काही विद्यार्थी क्लब पुन्हा उभा करू पाहतात, तर कार्यालयातून उत्तर मिळालं, "तुमची मान्यता संपली." तेव्हा जुन्याचंच नूतनीकरण मागावं, की नवं नाव घेऊन नव्याने नोंदणी करून मोकळं व्हावं?

विद्यार्थी क्लबांचे अर्ज तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आणि नंतर सल्लागार प्राध्यापक म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसले. तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं की कोणता फॉर्म भरायचा ही तुमची खरी अडचण नाही. आज तुमच्या क्लबच्या वतीने सही करण्याचा अधिकार कुणाकडेच नाही, ही खरी अडचण आहे. जुने पदाधिकारी गेले आणि नवे रीतसर निवडले गेले नाहीत. अर्ज नूतनीकरणाचा असो वा नव्या नोंदणीचा, कार्यालय त्यात एकच गोष्ट शोधत असतं: या क्लबसाठी उत्तर द्यायला कोण बांधील आहे आणि त्याला तो अधिकार कुणी दिला. एवढं सुटलं की उरलेली कागदपत्रं एका बैठकीत तयार होतात. हे न सोडवता भरलेला अर्ज मात्र त्रुटी काढून परत येतो, मग तो कितीही नीटनेटका असो.

माझा कल स्पष्ट सांगते. जमेल तोवर जुनाच क्लब पूर्ववत करून घ्या आणि नव्या नोंदणीचा विचार शेवटी करा. पण त्याआधी एक गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे "संपली" म्हणजे नेमकं काय झालं.

बोलताना कार्यालयातला माणूस "संपली" म्हणतो, पण फाइलवर त्याचे निदान तीन प्रकार असतात. मुदतीत अर्ज आला नाही म्हणून क्लब नुसता निष्क्रिय दाखवलेला असेल, तर बहुतेक ठिकाणी विलंबाचं कारण देऊन अर्ज करता येतो. काही बाकी राहिलं असेल, म्हणजे हिशेब दिला नाही, घेतलेलं साहित्य परत केलं नाही किंवा एखादी तक्रार प्रलंबित आहे, म्हणून मान्यता स्थगित केली असेल, तर आधी ती बाकी फेडावी लागते. आणि मान्यता रीतसर आदेशाने रद्द झाली असेल, तर बहुधा नवी नोंदणीच करावी लागते. एक मुदत चुकली की लगेच रद्द करणाऱ्या संस्था आहेत, तशा एखादं वर्ष वाट पाहणाऱ्याही आहेत. हे सर्वस्वी तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका. एक साधं पत्र किंवा ईमेल पाठवून तीन गोष्टी लेखी विचारा: क्लबची सध्याची स्थिती काय, ती कोणत्या नियमानुसार, आणि पूर्ववत करण्यासाठी काय द्यावं लागेल. पत्र हाती दिलंत तर पोच घ्या.

मान्यता देतं कोण, हेही याच पत्रातून स्पष्ट होईल. कुठे विद्यार्थी कल्याण कार्यालय देतं, कुठे विद्यार्थी परिषद, कुठे एखाद्या विभागाचा किंवा वसतिगृहाचा प्रमुख. ब्रिटनमध्ये हे काम बहुतेक ठिकाणी विद्यार्थी संघाकडे असतं. तिथल्या 1994 च्या शिक्षण कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी संघाने क्लबांना निधी आणि साधनं वाटण्याची पद्धत न्याय्य असावी, लेखी असावी आणि कुठल्याही विद्यार्थ्याला सहज पाहता यावी, असं तो कायदा सांगतो. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, लेखी नियम मागणं हे उद्धटपणाचं लक्षण नाही. नियम दाखवा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा मला कधी राग आला नाही. उलट त्यामुळे दोघांचेही हेलपाटे वाचायचे.

त्याच पत्रात आणखी एक मागणी घाला: "आमच्या क्लबच्या मंजूर घटनेची आणि शेवटच्या नूतनीकरण अर्जाची प्रत मिळावी." आमच्याकडे काहीच कागद नाहीत, असं तुम्ही म्हणता. पण दर वर्षी दाखल झालेले अर्ज, घटना आणि पदाधिकाऱ्यांची यादी ही कार्यालयाच्या फाइलमध्ये असायला हवी. मान्यता दिली ती त्याच कागदांवर ना! क्लबचा ईमेल विद्यापीठाच्याच सर्व्हरवर असेल, तर सल्लागार प्राध्यापकांच्या पत्रावर संगणक विभाग पासवर्ड बदलून देऊ शकतो. तो कुणाच्या खाजगी जीमेलवर असेल, तर माजी अध्यक्षांना गाठणं भाग आहे. बोलताना गेल्या वर्षीचा विषय उकरून काढू नका. पासवर्ड, बँकेचं पासबुक आणि असतील तेवढी बिलं, इतकंच मागा. पदवी घेऊन गेलेली मुलं बहुतेकदा संकोचाने गप्प असतात. काय हवं ते नेमकं सांगितलं की बहुतेक जण देतात.

आता अधिकाराच्या गाठीकडे वळू. नवे पदाधिकारी निवडायला सभा हवी आणि सभा बोलवायचा अधिकार सचिवाला, पण सचिवच नाही. खंडित झालेल्या जवळजवळ प्रत्येक क्लबची गाडी इथेच अडते. यावर उत्तर आधी घटनेत शोधा. "पद रिक्त झाल्यास" असं कलम असेल तर त्यात उपाध्यक्षाकडे किंवा कार्यकारिणीच्या उरलेल्या सदस्याकडे सूत्रं जात असतील. "इतक्या सदस्यांनी लेखी मागणी केल्यास विशेष सभा" असं कलम असेल तर तेवढ्या सह्या गोळा करा. यातलं काहीच नसेल तर सल्लागार प्राध्यापकांना सभा बोलवायची विनंती करा आणि तसं करत असल्याचं कार्यालयाला आधी कळवा. सल्लागारही उरले नसतील तर कार्यालयालाच सांगा की सभेसाठी एखादा निरीक्षक द्या आणि तात्पुरती समिती नेमायला परवानगी द्या. तुमच्या मित्रमंडळींपैकी चौघांनी एकमेकांना अध्यक्ष, सचिव, खजिनदार घोषित करून अर्जावर सह्या करणं, एवढं मात्र टाळा. हेतू चांगला असला तरी उद्या दुसरे चौघे येऊन तसंच म्हणाले, तर कार्यालयाने कुणाचं खरं मानायचं? एकाच क्लबचे दोन अध्यक्ष टेबलापुढे उभे राहिलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी काम अख्ख्या सत्रासाठी ठप्प होतं.

सभेची सूचना सगळ्या ज्ञात सदस्यांना जायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पण ईमेलही करा आणि सूचनाफलकावरही लावा. तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका त्यात असू द्या. घटनेत जितक्या दिवसांची सूचना सांगितली असेल तितके दिवस आधी ती जायला हवी, एक दिवसही कमी नको. हजेरीपत्रकावर नाव, वर्ग आणि सही घ्या. ठराव मोजके पण नेमके असावेत. उदाहरणार्थ: "खगोल क्लबचे कामकाज पूर्ववत सुरू करण्यात यावे व चालू शैक्षणिक वर्षासाठी मान्यतेच्या नूतनीकरणाचा अर्ज करण्यात यावा." मग पदाधिकाऱ्यांच्या निवडीचा ठराव, त्यांच्या मुदतीसह. मग "क्लबच्या बँक खात्यावरील पूर्वीच्या सह्यांचे अधिकार रद्द करून ते पुढील दोन पदाधिकाऱ्यांस संयुक्तपणे देण्यात यावेत" असा ठराव. प्रत्येकाला सूचक आणि अनुमोदक हवा, आणि मतदान झालं असेल तर आकडे हवेत. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सभाध्यक्षांची सही घ्या. चार दिवसांनी लिहिलेल्या इतिवृत्तात कुणी ना कुणी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतं.

गणपूर्तीबद्दल, म्हणजे सभा वैध ठरायला किमान किती सदस्य हजर हवेत याबद्दल, जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खंडित क्लबांच्या घटनेत हेच कलम सगळ्यात जास्त आडवं येतं. क्लब सुरू होताना मुलं उत्साहाने लिहून टाकतात, "एकूण सदस्यांपैकी निम्मे उपस्थित असल्याशिवाय सभा वैध नाही." पहिल्या वर्षी यादीत 20 जण असतात आणि 10 सहज जमतात. पुढे प्रत्येक प्रवेशाच्या वेळी नावं वाढत जातात, पण सोडून गेलेल्यांची नावं कुणी काढत नाही. चौथ्या वर्षी यादी 120 वर जाते, प्रत्यक्षात येणारे 25, आणि सभेला लागतात 60. मग निवडणूक वैध होत नाही, घटनादुरुस्तीही होत नाही, कारण दुरुस्तीलाही गणपूर्ती लागतेच. यातून निघायचं तर आधी यादी स्वच्छ करा. ज्यांचं शिक्षण संपलं ते विद्यार्थी राहिले नाहीत, म्हणून सदस्यही राहिले नाहीत. घटनेत तसं लिहिलं असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर कार्यालयाकडून तेवढा अर्थ लेखी घ्या. तहकूब सभेची तरतूद असेल तर तीही वापरता येते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून पुन्हा भरवली, तर त्या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते, असं पुष्कळ घटनांमध्ये लिहिलेलं असतं. आणि एकदा वैध सभा झाली की पहिली दुरुस्ती हीच करा: सक्रिय सदस्य म्हणजे कोण ते ठरवा, जसं की सत्रातल्या किमान दोन कार्यक्रमांना आलेला, आणि गणपूर्ती सक्रिय सदस्यांवर मोजा. सक्रिय सदस्य 30 असतील तर निम्मे म्हणजे 15, आणि तेवढे जमतात.

घटना हातात आली की मी आधी हे गणपूर्तीचं कलम, मग रिक्त पदांचं, मग घटनादुरुस्तीचं आणि मग विसर्जनाचं वाचते. उद्दिष्टांचा लांबलचक परिच्छेद सगळ्यांचा सुंदरच असतो. त्यावरून क्लब टिकेल की नाही हे कळत नाही.

विसर्जनाचं कलम तुमच्या दुसऱ्या पर्यायाशी थेट जोडलेलं आहे. नवं नाव घेऊन नवा क्लब काढला, तर जुन्या क्लबची दुर्बीण आणि शिल्लक आपोआप तुमच्याकडे येणार नाही. क्लब बंद झाल्यास मालमत्ता संस्थेकडे जमा व्हावी, असं बहुतेक घटनांमध्ये असतं. म्हणजे ती दुर्बीण विभागाच्या डेड स्टॉक नोंदवहीत, म्हणजे विभागाच्या मालकीच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढेल आणि तुम्हाला ती दर वेळी अर्ज करून मागावी लागेल. दुसरं असं की नव्या नावाखाली तीच माणसं आणि तेच उद्दिष्ट दिसलं, तर तपासणारा विचारणारच: मग जुन्या क्लबचा हिशेब कुठे आहे? नवीन नावाने जुनी बाकी सुटत नाही, वर "याच स्वरूपाचा क्लब आधीपासून नोंदलेला आहे" ही हरकत मात्र नव्याने लागते.

तरीही नवी नोंदणी योग्य ठरेल अशा वेळा असतात. जुन्या क्लबवर शिस्तभंगाची कारवाई झालेली असेल आणि तुमचा त्याच्याशी संबंध नसेल, तुमचं उद्दिष्टच खरोखर वेगळं असेल, किंवा घटना आणि सदस्ययादी काहीच कुठे सापडत नसेल. तेव्हा नवी नोंदणी करा, पण अर्जासोबत जुन्या क्लबचा उल्लेख स्वतःहून करा. लपवलेली गोष्ट फाइलमधून बाहेर आली की अर्जातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

इथवरचं एकदा ओळीत मांडते: लेखी स्थिती आणि जुन्या प्रती मागवा, वैध मार्गाने सभा बोलवा, ठराव करून पदाधिकारी आणि सहीचे अधिकार ठरवा, मग अर्ज. आता राहिला पैसा आणि माणसं.

पैशाचं काम दिसतं तितकं अवघड नाही, फक्त ते प्रामाणिकपणे करावं लागतं. खंडित वर्षाचाही जमाखर्च द्या. काही व्यवहार झाला नसेल तर निरंक अहवाल द्या, पण द्या. सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे बँकेच्या उताऱ्याशी जुळले पाहिजेत. विद्यापीठाने दिलेला निधी आणि सदस्यांची वर्गणी हे दोन रकाने वेगळे ठेवा. मंजूर निधीतली न खर्चलेली रक्कम बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्षाअखेर परत जाते, तर वर्गणीची शिल्लक साधारणपणे पुढच्या वर्षी ओढता येते. दोन्ही एकत्र कालवलं की तुमचे स्वतःचे पैसेही अडकतात. एखाद्या खर्चाचं बिल सापडत नसेल, तर दुकानातून कोरी पावती आणून भरू नका. "या नोंदीचे बिल उपलब्ध नाही, बँक उताऱ्यातील नोंद जोडली आहे" असं स्वच्छ लिहून नव्या खजिनदाराने आणि सल्लागारांनी सही करावी. अशी टीप असलेला हिशेब मी मंजुरीसाठी पुढे पाठवला आहे. खोटी पावती मात्र एक जरी निघाली तरी प्रकरण शिस्तीच्या समितीकडे जातं, आणि त्यात सापडतो तो सही करणारा नवा विद्यार्थी. सहीचे अधिकार बदलायला बँक ठरावाची प्रत, नव्या सहीदारांची ओळखपत्रं आणि संस्थेचं पत्र मागते. पुष्कळदा जुन्या सहीदाराची संमतीही मागते, म्हणूनच माजी खजिनदारांशी संबंध गोड ठेवा. तोपर्यंत वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नका.

सल्लागार प्राध्यापकांची संमती नव्याने घ्या. गेल्या वेळची सही चालेल असं गृहीत धरू नका. भेटायला जाताना वर्षाचा अंदाजे कार्यक्रम एका पानावर लिहून न्या. प्राध्यापकांना खरी भीती असते ती न सांगता झालेल्या कार्यक्रमाची जबाबदारी अंगावर येण्याची. तुमच्या बाबतीत तर रात्रीचं आकाशनिरीक्षण आहे. किती जण, कुठे, सोबत मोठं कोण, परतायची सोय काय, हे त्या पानावर असेल तर होकार लवकर मिळतो. आणि मान्यता मिळाली म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला परवानगी मिळाली असं नव्हे. गच्चीवर जायचं असो वा आवाराबाहेर, ती परवानगी वेगळी घ्यावी लागते.

अर्ज परत येण्याची आणखी दोन कारणं तुम्हाला लागू पडू शकतात. एक म्हणजे सदस्यत्वाची अट. "फक्त भौतिकशास्त्राचे विद्यार्थी" असं लिहिलं असेल तर विद्यापीठाचा निधी का द्यावा, हा प्रश्न येतो. अमेरिकेत यावर 2010 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. मान्यता हवी असेल तर कुठल्याही विद्यार्थ्याला सदस्य होता आलं पाहिजे, हा हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाचा नियम न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी योग्य ठरवला. सगळीकडे इतका कडक नियम नसतो, पण दार उघडं ठेवलेलं बरं. दुसरं कारण बाहेरच्या संघटनेशी संलग्नता. एखाद्या हौशी खगोल संस्थेशी तुम्ही जोडलेले असाल तर ते जाहीर करा, वर्गणी किती जाते ते लिहा आणि क्लबचे निर्णय क्लबच घेतो हे घटनेत असू द्या.

आणि एवढं सगळं रीतसर करूनही नकार आला तर? कारणासह लेखी नकार मागा आणि अपिलाची मुदत विचारा. मान्यता ही कार्यालयाने केलेली मेहेरबानी आहे, असं समजून गप्प बसू नका. 1969 साली अमेरिकेतल्या सेंट्रल कनेक्टिकट स्टेट कॉलेजमध्ये एका विद्यार्थी गटाला मान्यता नाकारली गेली. गट गोंधळ घालेल अशी प्राचार्यांना भीती होती. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मान्यता नाकारल्याने विद्यार्थ्यांच्या एकत्र येण्यावर खरा भार पडतो, म्हणून नकाराचं समर्थन करायची जबाबदारी महाविद्यालयाची आहे आणि नुसती भीती पुरेशी नाही. पण त्याच निकालात हेही आहे की आवाराचे वाजवी नियम पाळू, अशी हमी महाविद्यालय गटाकडून आधी मागू शकतं. तो निकाल तुमच्या विद्यापीठावर बंधनकारक असेलच असं नाही, पण त्यातली विभागणी मला योग्य वाटते. तुम्ही नियम पाळायची हमी द्यायची, आणि नाही म्हणताना त्यांनी कारण द्यायचं.

पुढच्या वर्षी हीच वेळ येऊ नये म्हणून दोनच गोष्टी आत्ता घटनेत घाला. निवडणूक शेवटच्या परीक्षांच्या किमान दीड-दोन महिने आधी व्हावी, म्हणजे जुने आणि नवे पदाधिकारी काही आठवडे सोबत काम करतील आणि नूतनीकरणाचा अर्ज नव्यांनी जुन्यांच्या देखत भरावा. आणि अध्यक्ष व खजिनदार दोघेही एकाच वेळी अंतिम वर्षाचे नसावेत. तुमच्या क्लबचं जे झालं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. दोघं एकदम गेले आणि अर्जाची मुदत सुट्टीत पडली. चार्ज देताना पासवर्ड, पासबुक, मंजूर घटना, वस्तूंची यादी आणि अर्जाची पोच यांची सहीनिशी देवघेव करा. त्याची एक प्रत सल्लागारांकडे राहू द्या.

अर्ज मंजूर होईपर्यंत भेटायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेलच. मित्र म्हणून जमून आकाश पाहायला सहसा कुणाची हरकत नसते. फक्त तोवर विद्यापीठाचं नाव किंवा बोधचिन्ह वापरू नका, पैसे गोळा करू नका, खोली क्लबच्या नावाने मागू नका. कपाटातली दुर्बीण हवी असेल तर विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीने, कुणा एकाच्या नावावर नोंद करून घ्या. सभेची सूचना घटनेप्रमाणे बसते का याची शंका आली, तर तेवढं कलम जसंच्या तसं इथे लिहा. मी पाहून सांगेन.